काकांना सांगणे

माझ्या भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. तिला चांगलंसं नाव आहे, पण ते आता फक्त बँकेत आणि दातांच्या डॉक्टरकडे चालतं. एका जागी शांत बसलेली दिसली तर ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघावा, अशी मुलगी. मुलगी म्हणते खरी, पण चाळिशी केव्हाच ओलांडली. नवऱ्याशी पटलं नाही, तेव्हा ‘चार दिवस राहते गं मावशी’ म्हणून बॅग घेऊन माझ्याकडे आली आणि राहिली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दोघींचं त्यातच बरं चाललंय.

ती कानाच्या मशीनच्या दवाखान्यात काम करते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीचं दार जाडजूड, भिंतींना फोम लावलेला. तिथे दवाखान्याच्या मॅडम पेशंटचे कान तपासतात. बाकी सगळं बाहेरच्या खोलीत, भिंगरीच्या काउंटरवर. मशीन साफ करायची, कानाच्या मापाचा साचा घासून बसवायचा, बॅटऱ्या द्यायच्या, वेळा द्यायच्या. आणि मेल. मेल फार, कारण ज्याला ऐकू येत नाही त्याला ‘फोन करा’ असं सांगणार कसं? दारावर पाटीच आहे : ‘कृपया आधी ई-मेल करूनच या.’

या मेलचा तिनं जो कारखाना केला होता, तो बघण्यासारखा होता. मोबाइलवर मेल आला की बोटानं उजवीकडे सरकवायचा. लगेच त्याचं ‘काम’ तयार. वर कामाचं नाव, शेजारी तारीख, खाली तो मूळ मेल चिकटलेला. काम झालं की बाजूच्या गोलावर बोट ठेवायचं, बरोबरची खूण उमटते आणि सगळं नजरेआड. नाही झालं तर डावीकडे सरकवायचं, म्हणजे ते उद्यावर जातं. हे ती बसमध्ये एका हातानं दांडी धरून करायची, भाजीवाल्यासमोर करायची, बेसिनशी दात घासता घासता करायची. मी ‘येताना साबण आण’ म्हणून निरोप पाठवला, तर त्याचंसुद्धा काम करून तारीख टाकली होती बयेनं. साबण मात्र आला. वेळेवर आला.

संध्याकाळी घरी आली की फोन माझ्या नाकासमोर धरायची. “बघ मावशी, रिकामा!” लहान मूल ताट स्वच्छ करून दाखवतं ना, तसं. एकही मेल शिल्लक नाही.

“आणि हे सगळे गेले कुठे?”

“कामं झाली त्यांची.”

“म्हणजे खरंच झाली, की फोनपुरती ‘झाली’?”

“तू ना, फार कटकट करतेस,” म्हणून ती आत जायची.

एका गोष्टीचा मात्र तिला भारी राग होता : आभार. लोक सज्जन असतात. बॅटरी मिळाली की ‘धन्यवाद’ लिहितात. तिनं ‘ठीक आहे’ लिहिलं की ‘पुनश्च धन्यवाद’ लिहितात. मग एक हात जोडल्याचं चित्र पाठवतात. काम संपवून खूण केलेला मेल असा पुन्हापुन्हा उठून बसायचा आणि हिचा मेलचा रिकामा डबा भरायचा. “मेलेला माणूस तिरडीवरून उठून ‘येतो हं’ म्हणतो, तसं वाटतं मला,” असं ती एकदा म्हणाली. तेव्हा हसले मी. मग तिनं फोनमध्ये खोलवर शिरून एक सोय शोधून काढली. ज्या मेलचं काम झालं म्हणून खूण केली, त्याच्याखाली पुढे कुणी काहीही लिहिलं तरी फोननं ते गुपचूप आत टाकायचं. टिंग करायचं नाही, दाखवायचं नाही. त्या दिवशी इतकी खूश होती की येताना माझ्यासाठी फुलं घेऊन आली.

ही सोय बरेच महिने व्यवस्थित चालली.

आणि मग एके दिवशी सकाळी आम्ही चहा पीत असताना तिचा फोन वाजला. माझा चष्मा डोळ्यांवर होता, फोन टेबलावर होता. पडद्यावर लिहिलेलं : ‘काकांना सांगणे’. तिनं झटकन बोट फिरवलं. डावीकडे.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा तेच. पुन्हा डावीकडे. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम चष्मा पुसून बसले. वाजला, तिनं सरकवला, आणि टोस्ट तसाच ठेवून उठली. ही बाई टोस्ट टाकून उठत नाही. हिला खाताना भूकंप झाला तरी हातात घेऊन पळेल.

“कोण काका?” मी विचारलं.

“कुठले काका?”

“ज्यांना तू रोज सकाळी उद्यावर ढकलतेस ते.”

ती उभीच राहिली. मग खुर्ची ओढून बसली, आणि भिंगरी बसली म्हणजे काहीतरी फार बिनसलंय हे मला कळलं. “रडायचं असेल तर आधी चहा संपव,” मी म्हटलं, “थंड चहा पिऊन रडणं काही खरं नाही.” तिनं चहा संपवला. रडली नाही. सांगायला लागली.

काका म्हणजे दवाखान्यात येणारे एक म्हातारे गृहस्थ. उभा जन्म छापखान्यात मशीनवर गेला. त्या धडधडाटानं दोन्ही कान खाल्ले. त्यांना दोन कानांची दोन मशीनं मॅडमनीच दिलेली. दवाखान्यात काका नेहमी काकूंबरोबर यायचे, आणि ती दोघं आली की बाहेरच्या खोलीत करमणूक असायची. काकू तोंडाळ. आवाज खणखणीत. “इतकी वर्षं मी बोलते आणि हे छापखाना ऐकतात,” असं सगळ्यांसमोर सांगायच्या. काका गरीब चेहरा करून कानामागे हात न्यायचे आणि मशीन बंद करून टाकायचे. काकूंना ते कळायचं. “केलंत बंद? करा! मी काय, भिंतीशी बोलेन.” रांगेतले लोक हसायचे. भिंगरीही हसायची.

गेल्या वर्षी काकांना बॅटऱ्या हव्या होत्या, त्या तिनं कुरिअरनं पाठवल्या आणि ‘आपल्या बॅटऱ्या पाठवल्या आहेत’ असा मेल केला. काकांचं उत्तर आलं : ‘स.न.वि.वि. बॅटऱ्या मिळाल्या. आभारी आहे.’ हिनं खूण केली. काम खलास.

आता काकांची पद्धत अशी, की त्यांना नवा मेल लिहिता येत नाही. मुलानं एकदा फोन हातात दिला आणि ‘उत्तर द्या’चं बटण दाखवलं, तेवढं ते शिकले आणि तेवढंच त्यांना पुरत होतं. दवाखान्याला काही कळवायचं म्हटलं की ते शोधून शोधून भिंगरीचा शेवटचा मेल काढायचे, म्हणजे तो बॅटऱ्यांचाच, आणि त्याच्याखाली लिहायचे. त्यांच्या लेखी टपाल टपालपेटीत पडलं. हिच्या फोनच्या लेखी आभार आले. गुपचूप आत टाका.

मध्यंतरी काका-काकू बरेच दिवस दिसले नाहीत. हिच्या लक्षातही आलं नाही. माणसं येतात, जातात. मग गेल्या आठवड्यात दोघं दारात उभी. काकूंच्या गळ्याभोवती स्कार्फ, आणि काकू गप्प.

“घशाचं ऑपरेशन झालं हिचं,” काका म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, जरा जास्तच मोठ्यानं. “स्वरपेटी काढली. आता मानेला भोक आहे, तिथून श्वास घेते. आवाज गेला. मशीन तेवढं बघतेस का? डावं बंदच आहे, उजवं नुसतं खरखरतं.” आणि मग, ओशाळल्यासारखे : “मी मेल केला होता गं. तीनदा केला. पण मला ते जमत नाही. कुठे भलतीकडेच गेले असणार.”

काकूंनी हवेत हात उडवला. ‘सांगितलं होतं मी’ हे त्या हातात स्पष्ट होतं.

भिंगरीनं सवयीनं फोनवर त्यांचं जुनं काम काढलं. खूण केलेलं. त्याच्याखाली तीन न वाचलेले मेल. काका समोर उभे, काकू बाकावर, आणि ही काउंटरमागे उभी राहून वाचतेय.

ते मेल तिनं मला दाखवले. पहिला मशीन बिघडल्याचा. दुसरा असा : ‘स.न.वि.वि. मागील मेलचे उत्तर आले नाही, आपण कामात असाल. येत्या गुरुवारी माझ्या पत्नीच्या घशाचे ऑपरेशन आहे. त्यानंतर तिला आवाज राहणार नाही. पुढे दुसऱ्या पद्धतीने बोलायला शिकवतात म्हणे, परंतु तो आवाज तिचा नसेल. मशीन गुरुवारच्या आधी दुरुस्त झाल्यास उपकार होतील. आम्ही केव्हाही येऊ शकतो.’ एकही मात्रा चुकलेली नाही. छापखान्यातला माणूस.

तिसरा अगदी छोटा. ‘स.न.वि.वि. उद्या ऑपरेशन. आता घाई नाही. सवडीने कळवावे.’

“आणि मावशी, मशीनला काही झालेलंच नव्हतं,” भिंगरी म्हणाली. “डाव्याची नळी मळानं बंद. बदलली. उजव्यात ओल जाऊन बॅटरीचं टोक गंजलेलं. खरवडलं. चहा निवायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढाच लागला.”

मशीनं कानात घातल्यावर काका क्षणभर थांबले आणि मग वळून काकूंकडे बघायला लागले. “हा फस् फस् कसला आवाज येतोय?”

“काकूंच्या श्वासाचा,” भिंगरी म्हणाली.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, “पाटी वाचली नव्हती असं नाही हं. उत्तराची वाट न बघता तसाच आलो असतो, पण हिच्या दोन-तीन ठिकाणी तपासण्या चालल्या होत्या, आणि म्हटलं तुझं उत्तर येईल. फोन करायचा तर मला ऐकू येत नाही, आणि हिचा घसा बसलेला, ही लाजायची. माझंच चुकलं. नीट शिकायला हवं होतं.”

तेव्हा भिंगरी काय म्हणाली? ती म्हणाली, “होतं कधी कधी असं, काका.”

एवढंच. इथपर्यंत सांगून ती माझ्याकडे बघायला लागली.

मला गोडगोड बोलता येत नाही. ते सगळं माझ्या बहिणीकडे गेलं. मी म्हटलं, “म्हणजे चूक तुझी, आणि पावती फाडलीस त्यांच्या नावावर.”

“हो.”

“मग सांग जाऊन.”

“तेच तर काम करून ठेवलंय.”

“काम करून ठेवलं नाहीस, ढकलून ठेवलंस.”

ती एकदम उसळली. “सांगून काय होणार आहे? काकूंचा आवाज परत येणार आहे? त्यांना वाटतंय मेल हरवला. हरवला म्हणजे कुणाचाच दोष नाही. मी जाऊन सांगायचं, की हरवला नाही, माझ्या खिशात होता? रोज माझ्याबरोबर बसमधून फिरत होता? हे त्यांना ऐकवून मोकळं कोण होणार? मीच ना? मॅडमनाही सांगितलं मी. मॅडम म्हणाल्या, सोय बंद करून टाक आणि विषय सोड, पेशंटला उगाच त्रास कशाला.”

तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे मी कबूल करते. बऱ्याच कबुल्या माणसं स्वतःचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्यासाठीच देतात आणि वर मोकळं वाटलं म्हणून मिठाई वाटतात. पण एक गोष्ट तिच्या हिशेबातून सुटत होती. “कुणाचाच दोष नाही कसा?” मी म्हटलं. “तो माणूस स्वतःला गाढव समजत बसलाय. बायको त्याला रोज हात उडवून दाखवतेय. आवाज नाही येणार परत. पण हे तरी थांबेल की नाही?”

तिनं फोन उचलला, ‘काकांना सांगणे’वर बोट ठेवलं. मला वाटलं आता तारीख आजची करेल. शनिवारची केली.

शनिवारी सकाळी वाजला. मी पायात चप्पल घालून दारात उभी राहिले. “मी येते. पत्ता आहे ना दवाखान्यात लिहिलेला? चल.”

“आज मला मशीनचे साचे—”

“साचे सोमवारपर्यंत पळून जाणार नाहीत. चल म्हटलं ना.”

बसमध्ये तिनं फोन बाहेर काढला नाही. हात मांडीवर ठेवून बसली होती. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. मध्येच म्हणाली, “मावशी, त्या गुरुवारी मी काय केलं माहितेय? तुला रिकामा डबा दाखवला. मला आठवतंय, तू कांदा चिरत होतीस.” मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला काही ते आठवत नव्हतं, पण तिला आठवत होतं म्हणजे तसंच असणार.

काका-काकूंचं घर दुसऱ्या मजल्यावर. दारावरची बेल दाबली की वाजत नाही. आत दिवा लागतो, तो दारावरच्या काचेतून आम्हाला दिसला. काकूंनी दार उघडलं. भिंगरीला बघून त्यांचा चेहरा फुलला, आणि मला तिथेच वाईट वाटलं. आत एकच मोठी खोली, टेबल, खिडकीशी दोन खुर्च्या. घरभर जिथे म्हणून हात टेकेल तिथे कोऱ्या कागदांची छोटी छोटी पॅडं ठेवलेली : टेबलावर, खिडकीत, ओट्यावर, दारामागच्या खिळ्याला दोऱ्यानं बांधून. प्रत्येकाची कड डिंकानं सफाईदार चिकटवलेली, खाली पुठ्ठा, आणि शेजारी पेन्सिल.

“मी केलीत,” काका मला म्हणाले. “हिला कुठेही काही सांगावंसं वाटलं तर कागद शोधायला नको. आणि मशीन काय मस्त चालतंय गं! नळ ठिबकतो ते ऐकू येतं. खाली मांजर भांडतं ते ऐकू येतं.”

भिंगरी खुर्चीच्या टोकावर बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला वाटलं असतं मी सुरुवात करून देतेय, आणि ते माझं काम नव्हतं.

“काका,” ती म्हणाली, “तुमचे मेल हरवले नव्हते.”

“हं?”

“मला पोचले होते.”

काकांनी मान वाकडी केली. “तिन्ही?”

“तिन्ही.”

आणि काका चक्क टाळी वाजवून उठले. “अगं, ऐकलंस? पोचले होते! तिन्ही पोचले होते! मी म्हणत नव्हतो, मी बरोबर पाठवले म्हणून? तू ऐकतच नव्हतीस. उगाच मला सारखं—” ते काकूंकडे विजयी मुद्रेनं बघत होते. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या भिंगरीकडे बघत होत्या.

काकांचं बोलणं मध्येच थांबलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून ते सगळं उतरत गेलं. “मग?” ते म्हणाले. “वाचले नाहीत?”

भिंगरीनं सांगितलं. आडवळण घेतलं नाही. “माझं काम वाढतं म्हणून आभाराचे मेल मला दिसू नयेत, असं मी फोनला सांगून ठेवलं होतं. तुम्ही बॅटऱ्यांच्या मेलखाली लिहिलंत. तो माझ्या लेखी संपलेला होता. फोननं मला दाखवलेच नाहीत, कारण मीच तसं सांगितलं होतं. ते मी त्या दिवशी तुम्ही समोर उभे असताना वाचले. आणि तरी तुम्हाला म्हटलं, होतं कधी कधी असं. तुमचं काही चुकलं नव्हतं, काका.”

“ते कळलं मला,” काका म्हणाले.

ते खिडकीशी गेले. एक हात कानामागे नेला, मग दुसरा. मला वाटलं नेहमीसारखं बंद करतायत. पण त्यांनी मशीनं काढलीच. दोन्ही टेबलावर ठेवली, शेजारी शेजारी, आणि आमच्याकडे पाठ करून खुर्चीत बसले.

आता सांगा, अशा माणसाची माफी मागायची कशी? त्यानं कानच काढून ठेवले. भिंगरी तोंड उघडून बसली होती. काही बोलली असती तरी ऐकायला कोण होतं?

काकूंनी टेबलावरचं पॅड ओढलं. भराभर लिहिणारी बाई. बोलायची तशीच लिहीत असणार. लिहिलेलं पान त्यांनी भिंगरीसमोर सरकवलं, आणि ती वाचून झाल्यावर माझ्याकडे.

‘मुलानं फोनवर माझा आवाज भरून ठेवायचा म्हणून बसवलं होतं. मला काही सुचेना. त्यात एवढंच आहे : चालू आहे का हे? बंद कर मेल्या.’

मला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली. काकूंच्या डोळ्यांत मात्र हसू होतं. होतं, आणि लगेच गेलं. त्यांनी पान फाडलं, दुसऱ्यावर लिहिलं. या वेळी सावकाश.

‘ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये मी यांच्याशी खूप बोलले. कानाशी तोंड नेऊन. कधी बोलले नव्हते ते बोलले. हे मान हलवत होते. ऐकू येत नाहीये हे मला दिसत होतं. तरी बोलले.’

भिंगरीनं ते वाचलं. मग काकूंनी त्याच पानाच्या खाली आणखी एक ओळ लिहिली. ‘आता लिहून दाखवायची लाज वाटते.’

भिंगरी रडली ती तेव्हा. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावा असं मलाही वाटलं नाही. त्यांनी तिचं रडणं होईपर्यंत वाट बघितली, ते पान व्यवस्थित फाडून, घडी घालून स्वतःच्या मुठीत घेतलं, काकांच्या पाठीकडे एक नजर टाकली, आणि नव्या पानावर लिहिलं : ‘चहा टाकू?’

“नको, नको काकू,” भिंगरी डोळे पुसत म्हणाली.

“टाका,” मी म्हटलं. आपल्याला चहाही गळ्याखाली उतरणार नाही, हे दाखवायला आम्ही त्यांच्या घरी गेलो नव्हतो.

चहा झाला. काकूंनी काकांच्या हाताला कप लावला, त्यांनी घेतला, पण तोंड वळवलं नाही. आम्ही निघालो तेव्हा मशीनं टेबलावर तशीच होती. दारात काकूंनी भिंगरीकडे बघून मान हलवली. ती माफी होती, की ‘आता जा’ होतं, की ‘आलीस ते ठीक केलंस’, ते मी सांगू शकत नाही. मला ठामपणे मतं द्यायची सवय आहे, पण इथे देत नाही.

जिन्यात भिंगरी म्हणाली, “मोकळं वाटेल असं वाटलं होतं.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही.”

“मग झालं तर. चल, बस येईल.”

त्याला आता काही महिने झाले. भिंगरीनं ती सोय बंद केली. आता तिला पूर्वीसारखे आभार येतात, पुनश्च आभार येतात, हात जोडल्याची चित्रं येतात. ती ती उघडते, अगदी तळापर्यंत जाते, कारण आभाराच्या खाली माणसं काय काय लिहितात हे तिला आता दिसायला लागलंय. एका बाईनं ‘धन्यवाद’च्या खाली लिहिलं होतं की साचा कानाला लागतो, पण राहू दे. हिनं बोलावून घासून दिला. डबा कधीच रिकामा नसतो. संध्याकाळी फोन माझ्या नाकासमोर येत नाही. तिच्या चालण्याचा वेगही जरा कमी झालाय, असं मला वाटतं. किंवा मीच म्हातारी झाले असेन आणि सगळंच सावकाश दिसत असेल.

‘काकांना सांगणे’ मात्र अजून तिच्या फोनमध्ये आहे. परवा मी विचारलंच, “सांगून झालं ना? मग खूण का करत नाहीस? रोज सकाळी वाजतं ते.”

“खूण केली की दिसेनासं होतं, मावशी,” ती म्हणाली, आणि डावीकडे सरकवलं.

काका दवाखान्यात पुन्हा आले नव्हते. काकूही नाहीत. मॅडम म्हणाल्या, दुसरीकडे जात असतील, आपण काय करणार. भिंगरी ते ऐकून घरी आली ती सरळ आत गेली, आणि मीही तिला छेडलं नाही.

काल सकाळी चहाच्या वेळी टिंग झालं. तिनं फोन बघितला आणि कप खाली ठेवला. मग फोन माझ्याकडे फिरवला. त्याच बॅटऱ्यांच्या मेलखाली, तीन मेलांच्या पुढे, चौथा.

‘स.न.वि.वि. दोन्ही मशीनच्या बॅटऱ्या संपल्या आहेत. हे आभार नाहीत, काम आहे. शेवटपर्यंत वाचावे. पत्नी काही लिहून दाखवणार आहे व ते वाचताना मशीन कानात असावे अशी तिची अट आहे. का ते सांगत नाही.’

मी वाचून वर बघितलं, तर ती जागेवर नव्हती. मेल उजवीकडे सरकवला नव्हता, तारीख टाकली नव्हती. दाराशी वाकून चपलेचा बंद लावत होती. टोस्ट हातात होता. चहा मात्र अर्धा राहिला होता.

“दवाखाना उघडायला अजून वेळ आहे,” मी म्हटलं.

“किल्ली माझ्याकडे असते,” ती म्हणाली, आणि जिना उतरताना तिच्या पायांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.